गेनू खवल्याच्या लाखाचे बारा हजार

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो. झाडं होती, झरे होते, राजा होता, दरबार होता. फक्त राजाच्या तिजोरीत खडखडाट होता.

आता तुम्ही म्हणाल, सिंहाला तिजोरी कशाला? शिकार करावी, खावं, झोपावं. बरोबर आहे. पण राजाला दरबार लागतो. दरबाराला मंडप लागतो. मंडपाला झालर लागते. आणि झालर काही शिकार करून मिळत नाही. तिला कवड्या मोजाव्या लागतात.

तेव्हा दिवाण करकोच्याने विचार केला. करकोच्याची मान मुळातच लांब. त्यामुळे विचारही लांबचा निघाला.

"महाराज, कर वाढवला तर प्रजा ओरडते. सोडत काढली तर तीच प्रजा रांग लावते. एका कवडीला एक तिकीट ठेवू. बक्षीस लाख कवड्या."

"आणि प्रजेला सांगायचं काय?" राजाने विचारलं.

"तळं खोदायचं आहे असं सांगू."

"कुठे खोदायचं?"

"महाराज, आपल्याला सांगायचं आहे. खोदायचं कुठे आहे?"

राजा प्रसन्न झाला. अशा रीतीने जंगलात सोडत सुरू झाली.

त्याच जंगलात गेनू नावाचा एक खवल्या राहायचा. खवल्या तुम्ही पाहिला नसेल. त्याच्या अंगभर खवले असतात, जीभ हातभर लांब असते आणि तोंडात एकही दात नसतो. कुणी अंगावर आलं की तो अंगाचा चेंडू करतो आणि गप्प पडून राहतो. मग वाघसुद्धा त्याला इकडून तिकडे ढकलतो, कंटाळतो आणि निघून जातो.

गेनू वाळवी काढायचं काम करायचा. कुणाच्या ढोलीला वाळवी लागली की गेनूला बोलावणं यायचं. तो जायचा, नखांनी माती उकरायचा, जीभ आत घालायचा आणि वाळवी साफ करायचा. जेवण कामावरच, आणि जेवण हेच काम. वर एकदोन कवड्या मजुरी. असा धंदा शोधून सापडायचा नाही. पण गेनूला तो सापडलाच होता, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. नाव हौसा, पण हौस म्हणून कसली नव्हती. तीही वाळवीच काढायची आणि गेनूपेक्षा नीट काढायची. दोघांचं एकच दुखणं होतं. त्यांचं बीळ उतारावर होतं आणि पावसाळ्यात आत पाणी शिरायचं.

एकदा दिवाणांच्या कचेरीतल्या दप्तराला वाळवी लागली. गेनूने दोन दिवस खपून ती काढली. मजुरी तीन कवड्या ठरली होती. दिवाणांनी दोन कवड्या दिल्या आणि वर एक सोडतीचं तिकीट ठेवलं.

"सुटे नाहीत," दिवाण म्हणाले.

"पण साहेब, कवडीला सुटं काय असतं?"

दिवाणांनी मान लांब करून त्याच्याकडे पाहिलं. गेनूने तिकीट घेतलं.

आठ दिवसांनी सोडत झाली. आकडा काढायला घुबडाला बसवलं होतं. घुबडाला दिवसा दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर पट्टी बांधायचा खर्च वाचला. घुबडाने घागरीत पंजा घातला आणि एक चिठ्ठी काढली. तो आकडा गेनूच्या तिकिटाचा निघाला.

त्या वेळी गेनू एका वारुळात मानेपर्यंत घुसला होता. चार माकडांनी त्याला शेपटी धरून बाहेर ओढलं आणि खांद्यावर घेतलं. त्याच्या जिभेवर अजून वाळवी वळवळत होती.

लगेच सत्कार झाला. सत्काराशिवाय जंगलात काही खरं धरत नाहीत. दिवाणांनी गेनूच्या अंगावर शाल घातली, ती खवल्यांवरून घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदाही तेच. प्रेक्षकांना वाटलं, तीन शाली मिळाल्या. त्यांनी तीनदा टाळ्या वाजवल्या.

मग दिवाणांनी विचारलं, "गेनूराव, आता एवढ्या कवड्यांचं काय करणार?"

आजवर त्याला कुणी 'गेनूराव' म्हटलं नव्हतं. तो गोंधळला. पण मनात होतं ते बोलला.

"बीळ जरा वरच्या अंगाला हलवीन म्हणतो. पाणी शिरतं. आणि हौसाला चार दिवस विश्रांती देईन."

"एवढंच?" मागून एक माकड म्हणालं.

"लाख कवड्या लागल्या आणि हा बीळ हलवणार!" दुसरं म्हणालं. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मुलांनो, गेनूला आयुष्यात भूक ठाऊक होती, चिखल ठाऊक होता, मुंग्यांचा डंख ठाऊक होता. पण आपल्याला सभा हसते, हे काही त्याला ठाऊक नव्हतं. त्याचे कान तापले. काहीतरी मोठं बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं. त्याने आठवून पाहिलं. मोठं म्हणून त्याला एकच गोष्ट आठवली.

"दारात हत्ती झुलवीन!" तो ओरडला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! माकडांनी त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं. दिवाणांनी चौथ्यांदा शाल घातली.

हौसा कडेला उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, आपल्या बिळाचं दार केवढं आणि हत्तीचा पाय केवढा!"

पण तोवर मिरवणूक निघाली होती.

लाख कवड्यांतून आधी राजाचा हिस्सा गेला. मग तळ्याचा निधी गेला. मग घागरीचं भाडं आणि घुबडाचा मेहनताना गेला. उरल्या त्यासुद्धा गेनूने जन्मात पाहिल्या नव्हत्या एवढ्या होत्या. त्या बिळात मावेनात. म्हणून गेनू आणि हौसा बाहेर झोपू लागले आणि कवड्या आत.

दुसऱ्या दिवशी हत्ती आला. त्याचं नाव गजाप्पा. तो पूर्वी एका संस्थानात झुलत होता. ते संस्थान बुडालं. त्याच्या आधी एका सावकाराच्या दारात झुलत होता. तो सावकारही बुडाला. गजाप्पाला कामाचा दांडगा अनुभव होता.

"मला पाठीवर घेऊन जंगलात फेरी मारशील का?" गेनूने हौसेने विचारलं.

"मालक, मी फक्त झुलतो," गजाप्पा नम्रपणे म्हणाला. "चालण्याचे दर निराळे."

"आणि झुलायला काय लागेल?"

"रोज तीस भारे ऊस. दुपारी केळी. अंगावर झूल पाहिजे, तिला जरीकाम पाहिजे. झूल नसली तर नुसता हलतो, झुलत नाही."

गेनूने झूल आणली. गजाप्पा दारात झुलू लागला. झुलताना त्याचा मागचा पाय पडला तो नेमका बिळाच्या छपरावर. बीळ बसलं. कवड्या ढिगाऱ्याखाली गेल्या. त्या उकरून काढायला गेनूने दहा घुशी लावल्या. स्वतः उकरणं आता त्याला शोभलं नसतं.

मग गेनूने उंबराच्या झाडावर तीन मजली घर बांधलं. घर झालं तसे पाहुणे आले. गेनूला आजवर एक काका होता, तोही बोलत नसे. आता सत्तावीस मावसभाऊ निघाले. त्यांतले दोन ससे होते.

"आम्ही आईकडून खवलेच," ससे म्हणाले.

गेनूने त्यांनाही ठेवून घेतलं. पंगतीत त्याचं नाव सगळ्यांत मोठ्याने तेच घेत.

पंगतीत वाळवी नसे हे सांगायला नकोच. "वाळवी हे गरिबांचं खाणं," गेनू म्हणायचा. तो बदाम खाऊ लागला. पण त्याच्या तोंडात दात नव्हते. म्हणून बदाम चावायला त्याने सहा खारी ठेवल्या. खारी बदाम चावायच्या आणि पानावर लगदा ठेवायच्या. गेनू तो चाटायचा. चावता चावता निम्मे बदाम खारींच्याच पोटात जायचे. गेनू वाळत चालला आणि खारी फांदीवर मावेनात.

या काळात एकदा म्हातारा सुतारपक्षी आला. "गेनू, माझ्या ढोलीला पुन्हा वाळवी लागलीय. पिल्लं आहेत आत. ये ना जरा."

गेनूला एक क्षण वारुळाच्या ओल्या मातीचा वास आला. जीभ आपोआप बाहेर आली. मग मावसभाऊ बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने जीभ आत घेतली.

"मी आता तसली कामं करत नाही," तो म्हणाला.

हौसा मुकाट्याने उठली आणि सुतारपक्ष्याबरोबर गेली. येताना पोट भरून आली. त्या घरात पोटभर जेवलेली अशी ती एकटीच होती. अर्थात खारी सोडून.

आता तांबटाचं सांगतो. तांबट नावाचा पक्षी तुम्ही ऐकला असेल, झाडावर बसून टुकटुक टुकटुक करतो. पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी ठोकणारा हा पक्षी गेनूच्या दारी आला तो सोनार होऊन.

"गेनूराव, हत्ती काय, कुणीही झुलवतो," तो म्हणाला. "पण अंगावरचा एकेक खवला सोन्याने मढवलेला खवल्या या जंगलात झाला नाही."

"होईल का तसं?"

"तुमच्यासाठी करू."

पंधरा दिवस तो गेनूच्या पाठीवर टुकटुक करत होता. खवला न् खवला त्याने सोन्याने मढवला. मधल्या फटीही सोन्याने भरल्या, म्हणजे काम एकसंध दिसावं. गेनू उन्हात उभा राहिला तेव्हा मोराने मान खाली घातली. गेनूला वाटलं, आपण जन्माला आलो ते याच क्षणासाठी.

"वाकून दाखवा बरं," हौसा म्हणाली.

"वाकायचे दिवस गेले," गेनू म्हणाला.

खरं म्हणजे त्याने वाकून पाहिलं होतं. वाकता येत नव्हतं.

एका सकाळी तो आपलं सोनं नदीच्या पाण्यात बघायला निघाला. एरवी त्याच्यामागे सगळे मावसभाऊ असत, पण सकाळी ते झोपलेले असत. हौसा तेवढी मागून येत होती. नदीच्या उतारावर करवंदीच्या जाळीतून बिबट्या बाहेर आला. सोनं लांबून चमकत होतं. बिबट्याला सोन्याचा मोह नव्हता. त्याला फक्त एवढं कळलं, की आतला प्राणी वाकू शकत नाही.

गेनूने सवयीने डोकं पोटाशी घ्यायचा प्रयत्न केला. मान हलली नाही. त्याने शेपटी वळवली. ती वळली नाही. तो नदीकाठी पाट ठेवावा तसा उताणा पडला. त्याचं मऊ, गुलाबी पोट उघडं राहिलं.

"हौसे!" तो ओरडला. 'गेनूराव' अशी हाक त्या वेळी त्याला कुणी मारायला हवी होती, असं काही त्याला वाटलं नाही.

हौसा धावली. पोटाला पोट लावून ती त्याच्यावर पडली आणि त्याच्याभोवती जेवढी गुंडाळता येईल तेवढी गुंडाळली गेली. तिच्या खवल्यांना सोनं नव्हतं, त्यामुळे ती वाकत होती. बिबट्याने पंजे मारले. दात लावले. तिच्या शेपटीचं टोक तुटलं. तिने पकड सोडली नाही. गेनूला तिचं काळीज आपल्या छातीवर धडधडताना ऐकू येत होतं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. शेवटी बिबट्याचा एक दात हलला. तो शिव्या घालत निघून गेला.

"अहो," हौसा दबल्या आवाजात म्हणाली, "आता तरी हे काढा."

गेनू रडत होता. मान वळत नसल्यामुळे त्याला तिच्याकडे बघताही येत नव्हतं.

तो तसाच, ताठच्या ताठ, तांबटाकडे गेला.

"काढून देतो की," तांबट म्हणाला. "पण लावण्यापेक्षा काढण्याचे जास्त पडतील. लावणं ही कला आहे. काढणं ही अडचण आहे."

"आणि निघालेलं सोनं?"

"ते काढताना उडतं," तांबट म्हणाला.

गेनूने कवड्या मोजल्या. सोनं निघालं. उडालंही. गेनू वाकला, वळला, घरी आला आणि कवड्या ठेवल्या होत्या ती कोठडी त्याने उघडली. लाखाचे बारा हजार होतात असं म्हणतात. गेनूच्या कोठडीत बारा कवड्या होत्या.

ही बातमी जंगलात वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळपर्यंत मावसभाऊ गेले. दोन्ही सशांना आपण ससे असल्याचं आठवलं. खारींना त्यांच्या वजनामुळे लगेच जाता आलं नाही, त्या दोन दिवसांनी गेल्या. गजाप्पा मात्र तसा सज्जन. तो निरोप घेऊन गेला.

"मालक, तुमच्याकडे झुलायला बरं वाटलं," तो म्हणाला. "सावकारापेक्षा तुम्ही दोन महिने जास्त टिकलात."

आता गेनूला पुन्हा काम करायचं होतं. पण एवढ्यात जंगलात अस्वल आलं होतं. अस्वल वाळवीबरोबर अर्धी ढोलीही काढायचं, पण त्याचा दर कमी होता. हौसाच्या शेपटीची जखम भरली नव्हती, तिला उकरता येत नव्हतं. उंबरावरचं घर उधारीत गेलं होतं, म्हणून दोघं उताराला एक उथळ खड्डा करून राहू लागली. गेनू रानात हिंडून मिळेल तेवढी वाळवी पानात गुंडाळून आणायचा. आधी तो पान हौसापुढे ठेवायचा. उरलं तर स्वतः चाटायचा.

एके दिवशी त्या खड्ड्याशी दिवाण करकोचा आले.

"गेनू," दिवाण म्हणाले. 'राव' वाटेत कुठेतरी गळून पडला होता. "तिकिटं खपेनात. प्रजा म्हणते, बक्षीस कुणाला लागतच नाही, सगळं दिवाणच खातो. लागतं, हे दाखवायला कुणीतरी हवं. जत्रेत उभा राहा आणि आपली गोष्ट सांग. रोज दोन कवड्या देऊ."

गेनूने मान वर केली. "मी खरं तेच सांगेन. हत्तीचं सांगेन. बिबट्याचं सांगेन. तिकीट घेऊ नका म्हणून सांगेन."

"सांग की!" दिवाण म्हणाले. "दरबार कधी सत्याच्या आड आलाय?"

ते गेल्यावर हौसा म्हणाली, "एवढ्या सहज हो म्हणाले. मला काही बरं दिसत नाही."

"म्हणू दे," गेनू म्हणाला. "हौसे, अगं एकाची जरी शेपटी वाचली तरी पुष्कळ."

बऱ्याच दिवसांनी त्याला आपण काही कामाचे आहोत असं वाटलं.

जत्रेत तिकिटांच्या टपरीशेजारी त्याला एका दगडावर उभं केलं. गेनू बोलू लागला. त्याने काही लपवलं नाही. सभा कशी हसली ते सांगितलं. बदामाचा लगदा सांगितला. आपलं उघडं पोट आणि बायकोचं धडधडणारं काळीज सांगितलं. हौसाची तुटकी शेपटी त्याने दाखवायला सांगितली तेव्हा हौसाने मान फिरवली, पण शेपटी दाखवली. हरणं हुंदके देत होती. रेडा नाक शिंकरत होता. गेनूने पंजे जोडले.

"पाया पडतो तुमच्या. हा नाद करू नका. असलेलं काम सोडू नका. तिकीट घेऊ नका!"

सगळ्यांचे डोळे ओले झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आपापसांत बोलणं सुरू झालं.

"मूर्खच म्हणायचा," मोर म्हणाला. "सोनं पाठीवर लावतं का कुणी? पिसाऱ्याला लावायचं."

"आणि हत्ती कशाला?" रेडा म्हणाला. "उंट ठेवायचा. कमी खातो."

"मी तर एकाही मावसभावाला दारात उभं केलं नसतं," मुंगूस म्हणालं.

आणि तिघंही टपरीसमोर रांगेत उभी राहिली. त्यांच्यामागे हरणं उभी राहिली. रांग वळसा घेत नदीपर्यंत गेली.

गेनू दगडावरून उतरून धावत रांगेपाशी आला. "अहो, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं ना," हरणं म्हणाली. "फार शिकायला मिळालं."

तेवढ्यात एक म्हातारी कासवीण हळूहळू त्याच्याजवळ आली. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून सुकलं नव्हतं. तिने गेनूच्या तोंडावरून पंजा फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"लेकरा, डोळे उघडलेस बघ माझे," ती म्हणाली. "आता एक कर. तुझ्या हाताने मला एक तिकीट काढून दे."

"आजी!"

"अरे, नशीब तुझं चांगलंच होतं. अक्कल तेवढी नव्हती. अक्कल माझ्याकडे आहे."

मागच्यांनी ते ऐकलं. "आम्हालाही गेनूच्याच हातचं!" एकच गलका झाला.

गेनूने हौसाकडे पाहिलं. तिने एकदा नदीपर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं आणि ती दगडावर टेकली. टपरीतून दिवाणांनी तिकिटांची घागर गेनूपुढे सरकवली.

"उद्या शेपटीचं जरा आधी घे," दिवाण त्याच्या कानात म्हणाले.

तात्पर्य : पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो, आणि शहाणा झाला की तिकीट काढतो. म्हणून मुलांनो, ठेच लागलेला प्राणी दिसला तर त्याची काळजी घ्या. राज्य त्याच्यावर चालतं.